'पुल ओव्हर' : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि अनुवाद

साधे क्रियापद आणि त्यास जोडून येणारे लहानसे अव्यय यांच्या संयोगातून इंग्रजीत जो नवा अर्थ निष्पन्न होतो, तो कोशात सापडला तरी अनुवादात हाती लागतोच असे नाही. अशा शब्दबंधांना 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ मधील 'वर्ड्स अँड इडिअम्स' या ग्रंथामुळे रूढ झाली. वाहन हाकण्याच्या व्यवहारातील 'पुल ओव्हर' हा त्यांपैकीच एक.

त्याचा भाऊबंद 'पुल अप' हा घोड्यांच्या काळातला. लगाम खेचून घोडा उभा करणे हा त्याचा मूळ अर्थ. लगाम गेला, क्रियापद मात्र मोटारीबरोबर राहिले. 'पुल ओव्हर'मध्ये दोन क्रिया एकवटल्या आहेत : रस्त्याच्या कडेला येणे आणि थांबणे. मराठीत 'गाडी बाजूला घेतली' म्हटल्याने पहिलीच निश्चित होते. मागच्याला वाट देण्यासाठीही गाडी बाजूला घेतली जाते. शिवाय कड कोणती, हे क्रियापद सांगत नाही. आपल्याकडे ती डावी, अमेरिकेत बहुधा उजवी. अमेरिकन कथेतील गाडी सवयीने 'डावीकडे' थांबविणारा अनुवादक तिला समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी देतो! (डोक्यावरून चढवावयाच्या लोकरी 'पुलोव्हर'शी या अर्थाचा संबंध नाही, हे सांगावयास नकोच.)

खरी अडचण कर्त्याची आहे. चालक स्वतः 'पुल ओव्हर' करतो आणि पोलीसही चालकाला 'पुल ओव्हर' करतो. मराठीला येथे निवड करावी लागते : 'घेतली' की 'घ्यायला लावली'. त्यातही 'आय गॉट पुल्ड ओव्हर' या वाक्यात पोलिसाचा उल्लेखच नसतो. तो ऐकणाऱ्यास ठाऊक असतो. 'मला थांबविण्यात आले' या रूपाला सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. १० जुलै २०१५ रोजी टेक्सासमध्ये सँड्रा ब्लँड या कृष्णवर्णीय महिलेची मोटार, मार्गिका बदलताना इशारा दिला नाही म्हणून, पोलिसाने थांबविली. मागून वेगाने येणाऱ्या त्याच्याच गाडीला वाट देण्यासाठी आपण बाजूला झालो, असे तिचे म्हणणे चित्रफितीत नोंदले गेले आहे. तिला अटक झाली आणि १३ जुलैला ती कोठडीत मृतावस्थेत आढळली. प्रथम ती आपण होऊन बाजूला झाली, ते 'मूव्ह ओव्हर'; नंतर तिला बाजूला घ्यावयास लावले, ते 'पुल ओव्हर'. मराठीत दोन्ही ठिकाणी 'बाजूला घेतली' असे आले, तर प्रसंगाचा कणाच मोडतो.

म्हणून अमेरिकन, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या लेखनाचा अनुवाद करताना 'पोलिसाने गाडी अडवली' हेच मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यात रस्त्याची कड हरवते, हे खरे. ती पुढील वाक्यात आणता येते. 'अडवली'तील सक्ती मात्र त्याच वाक्यात हवी.