गर्द सुटल्यानंतरचे आठवडे



गर्द किंवा तत्सम अफूजन्य पदार्थांचा डोस जास्त झाला की मृत्यू येतो तो श्वास थांबून. श्वास मंदावत जातो, ओठ व नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. घशातून घुरघुर येते. घरच्यांना ते घोरणे वाटते आणि ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून दार लोटून घेतले जाते. अनेकदा घरचे कोणीतरी शेजारच्याच खोलीत असते; त्याला ही लक्षणे ओळखता आली तर जीव वाचतो.

अशा वेळी तोंडावर पाणी मारण्यात किंवा मीठ-पाणी पाजण्यात मोलाची मिनिटे जातात. हाक मारून, हलवून प्रतिसाद नसेल तर १०८ ला फोन करावा, श्वास थांबत असेल तर तोंडाने द्यावा, चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवावे आणि त्याला एकटे सोडू नये. नॅलॉक्सोन हे औषध अफूजन्य पदार्थाचा परिणाम काही मिनिटांत उलटवते, पण त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो. म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालय टळत नाही. शिकागोत १९९६ पासून स्वयंसेवकांनी हे औषध थेट गर्द घेणाऱ्यांच्याच हाती द्यायला सुरुवात केली. त्यावर बरीच नाके मुरडली गेली. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने नेमकी तीच शिफारस केली. भारतात मात्र ते अजून बहुतांशी रुग्णालयाच्या कपाटात असते.

सर्वांत धोक्याचा काळ कोणता, याचे उत्तर व्यसनमुक्तीच्या नवख्या कार्यकर्त्याला चकवते. उपचारकेंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे हा तो काळ. नशा बंद राहिल्याने शरीराची सवय मोडलेली असते. मन मात्र जुन्याच मापाने डोस घेते. ‘आता बरा झाला’ म्हणून घरही याच वेळी निर्धास्त होते.

म्हणून केंद्राबाहेरचे काम केंद्रातल्या उपचाराइतकेच मोलाचे ठरते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे कार्यकर्ते झाले, घरी गेलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या सभा आल्या, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आला. स्लिप झालेल्याला, म्हणजे पुन्हा नशा केलेल्याला, लपून बसण्याऐवजी परत येता यावे, ही या साऱ्यामागची खरी सोय. ओरडा खाण्याच्या भीतीने माणूस एकटा, बंद दाराआड नशा करतो, आणि तिथेच मरतो.

टर्कीचे, म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचे, हाल भयंकर असले तरी गर्द सोडताना त्यामुळे मृत्यू क्वचितच येतो. दारूचे उलट आहे: वर्षानुवर्षे पिणाऱ्याची दारू खोलीत कोंडून एकदम तोडली तर झटके आणि भ्रम जिवावर बेततात. ते काम डॉक्टरांच्याच देखरेखीखाली व्हावे. पोलिसांचे भय बाळगणाऱ्या कुटुंबाला हेही सांगावे की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४ अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते.

कार्यकर्त्याने केंद्र सोडणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरातल्या एकाला तरी जुना डोस आता का मारू शकतो हे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये साठवून द्यावा.