भांडण आणि चहा एकाच शॉटमध्ये

पोरी, तू आणि तुझी मैत्रीण मिळून आपल्या दोन्ही आळ्यांवर मोबाइलवर फिल्म करताय, असं तुझ्या आईकडून कळलं. तुझ्या या आजोबाने जन्मभर लग्नांचीच शूटिंगं केली, पण हळदही केली आणि वलीमाही. दोन्हीकडच्या पंगतीत जेवलोय, तेवढ्या हक्काने सांगतो.

कबुतरं उडवू नकोस. मंदिराचा कळस आणि मशिदीचा मिनार एका फ्रेममध्ये, खाली हातात हात घेतलेली पोरं, असं काही दिसलं की माणसं शाळेतल्या पंधरा ऑगस्टच्या भाषणाला बसल्यासारखी चुळबुळ करायला लागतात. ‘सलोखा’ हा शब्द कुणाच्या तोंडी घालू नकोस. त्यापेक्षा आपला नळ दाखव. पाणी सुटल्यावर कुणाचा हंडा कोण पुढे सरकवतं, कोण मुद्दाम सरकवत नाही, ते गुपचूप दहा मिनिटं घे.

धारावीत 1992-93च्या दंगलीनंतर भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोघे मित्र मोहल्ला समित्यांचं काम करायचे. वकारभाई कपड्यांच्या धंद्यातले. त्यांनी चार धर्मांच्या वेशात चार मुलं उभी करून ‘हम सब एक हैं’चं पोस्टर काढलं आणि ते गाजलं. तू म्हणशील, आजोबा, हे तर तुमचं कबुतरच झालं! आहे खरं. पण भिंतीवरच्या पोस्टरकडे माणूस जाता जाता बघतो, तिथे घोषणा चालून जाते. शिवाय ते काढणारा माणूस वस्तीतला, रोज दिसणारा. या दोघांवर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी 2003मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला. मिळाला तर दोघी मिळून बघा.

सामानाचं रडगाणं मला सांगू नकोस. मालेगावच्या नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी बैलगाडीची क्रेन आणि सायकलची ट्रॉली करून पिक्चर काढले. मोसम नदीच्या दोन काठांवर दोन समाज वाटले गेलेलं, दंगलींच्या बातम्यांनी बदनाम झालेलं ते गाव बाहेरच्या लोकांना हसतं दिसलं ते या पोरांमुळे. त्यांनी शांततेवर एक शब्द काढला नव्हता, ‘शोले’ची नक्कल केली होती.

फक्त आवाजात कंजुषी नको. चित्र हललं तर चालतं, बोलणं ऐकू आलं नाही तर माणूस उठून जातो. दुसरा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बोलणाऱ्याच्या खिशात ठेव, आणि पंखा बंद कर.

आता माझी चूक ऐक. ब्लूटूथचा जमाना होता. एका गावात भोंग्यावरून दोन शेजाऱ्यांचं वाजलं होतं. दोघांना एका बाकावर बसवून मी कॅमेरा सुरू केला. एकजण तापला, नको ते बोलला. दुसऱ्याने ऐकून घेतलं, मग उत्तर दिलं, मग ओशाळून दोघं हसले आणि एका कपातला चहा बशीत अर्धा अर्धा करून प्यायले. सोन्यासारखं शूटिंग! पण मी लग्नाची कॅसेट कापणारा माणूस. रागाचा तुकडा वेगळा केला, मध्ये बासरी टाकली आणि चहा शेवटी ठेवला. चार दिवसांत रागाचा तेवढा तुकडा गावभर या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये गेला. चहा कुणी पाठवला नाही. रात्री अकराला दोन्ही घरांच्या पायऱ्यांवर उभं राहून मी माफी मागितली. एका घराने दार उघडलं, दुसऱ्याने नाही.

तेव्हापासून सांगतो, रागाचं वाक्य आणि त्याचं उत्तर एकाच शॉटमध्ये ठेव, मध्ये कट नको. एक बोलत असताना दुसऱ्याचं कोपर तरी फ्रेममध्ये दिसू दे. जे वाक्य एकटं सुटलं तर आग लावील ते मूळ फिल्ममध्येच घेऊ नकोस, कितीही झणझणीत असलं तरी. आणि प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात आपल्या आळीचं नाव आणि तारीख टाक, म्हणजे उद्या कुणी ते दुसऱ्या गावच्या दंगलीचं म्हणून खपवणार नाही.

कॅमेरा तुझ्या आळीत मैत्रिणीने धरायचा, तिच्या आळीत तू. उलट केलंत तर दोघी आपापल्या लोकांचे लाडच कराल.

लग्नात ज्या मामाला फ्रेममध्ये घेतलं नाही, तो मामा मरेपर्यंत विसरत नाही. तसेच मंडळाचे अध्यक्ष आणि मशिदीचे ट्रस्टी. दोघांना पाच-पाच मिनिटं बोलतं कर. ते रटाळ बोलतील, बोलू दे. फिल्म तयार झाली की जे जे तिच्यात आहेत त्यांना आधी घरी जाऊन दाखव. कुणी ‘हे काढ’ म्हटलं तर वाद न घालता काढ, आपण काही कोर्टात पुरावा द्यायला चाललो नाही. लहान मुलं असतील तर त्यांच्या आईला विचार, बापाला नंतर.

आणि फिल्म आधी पाठवायची नाही, आधी दाखवायची. दोन आळ्यांच्या मधल्या चौकात चादर बांध. आरती आणि नमाज, दोन्हींच्या वेळा बघून रात्री नऊनंतरची वेळ ठेव. खुर्च्या मांडू नकोस, सतरंजी अंथर. खुर्च्या असल्या की माणसं आपापल्या रांगा धरतात.

ट्रायपॉड माळ्यावर आहे. त्याच्या एका पायाचा स्क्रू निसटतो, तिथे सुतळी बांधून घे.