दुधाची ॲलर्जी: मूल कधी बरे होते, खर्च किती येतो?

मुलाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे असे कळले की पहिला प्रश्न येतो: हे जन्मभर राहणार का? बहुतेक मुलांच्या बाबतीत नाही. पण ॲलर्जी गेली हे आपोआप कळत नाही. ते तपासायचे राहून गेले, तर दुधाऐवजी द्यायच्या पावडरचे महागडे डबे आणि पथ्य विनाकारण चालू राहते. म्हणून काय विचारायचे, कधी तपासायचे आणि पैसे कुठे वाचवायचे, ते इथे.

आधी प्रकार विचारा

दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, उलटी किंवा धाप: हा झटपट प्रकार. काही तासांनी किंवा दिवसांनी शीतून रक्त, आव, जुलाब: हा उशिराचा प्रकार. अंगावर पिणाऱ्या, एरवी खेळकर बाळाच्या शीत नुसते रक्त दिसत असेल, तर वर्षाच्या आसपास बहुधा सुटका होते. उशिराच्या इतर प्रकारांत बहुतेक मुले तीन ते पाच वर्षांपर्यंत बरी होतात.

झटपट प्रकाराला वेळ लागतो. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात निम्म्याहून थोडी जास्त मुले पाच वर्षांच्या सुमारास बरी झाली होती. जॉन्स हॉपकिन्सच्या २००७ च्या अभ्यासात मुले जास्त त्रासाची होती. तिथे चौथ्या वर्षापर्यंत १९ टक्के आणि सोळाव्यापर्यंत ७९ टक्के बरी झाली. म्हणजे मूल शाळेत जाऊ लागले आणि ॲलर्जी अजून आहे, म्हणून आशा सोडू नका.

कोणत्या तपासण्या, किती पैसे

बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या ॲलर्जीतज्ज्ञाकडे किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे जा. झटपट प्रकारात त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातील दुधाविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी विशिष्ट आयजीई चाचणी पुरते. रक्ताची चाचणी प्रत्येक घटकामागे साधारण हजार ते दोन हजार रुपयांना पडते. घरून नमुना नेण्याचे पैसे वेगळे आहेत का, ते आधी विचारा. टोचणी चाचणीपूर्वी ॲलर्जीची औषधे काही दिवस बंद ठेवावी लागतात. किती दिवस, हे तारीख घेतानाच विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते.

उशिराच्या प्रकारात या चाचण्या सहसा उपयोगाच्या नसतात. तिथे दूध दोन ते चार आठवडे बंद करून, मग डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पुन्हा देऊन निदान पक्के करतात. बाळ अंगावर पीत असेल तर पथ्य आईने पाळायचे. स्तनपान बंद करू नका.

शंभर-दोनशे पदार्थांच्या चाचण्यांचे पॅकेज घेऊ नका. आयजीजी चाचणी आणि केसांची चाचणी यांनी ॲलर्जी ठरत नाही. त्यात हजारो रुपये जातात आणि ताट मात्र रिकामे होते.

डब्याचा हिशेब

दिवसाला ८०० मिली पिणाऱ्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा साडेतीन-चार दिवस पुरतो. म्हणजे महिन्याला आठ डबे. डब्यावरची किंमत गुणिले आठ, हा तुमचा मासिक खर्च. सोयाचा डबा शेकड्यांत मिळतो, पण सहा महिन्यांखालच्या बाळाला तो सहसा देत नाहीत आणि काही मुलांना सोयाही बाधतो. ॲलर्जी घडवणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला डबा हजाराच्या पुढे जातो. अमिनो आम्लांचा डबा सर्वांत महाग, आणि तो मोजक्याच बाळांना लागतो. तो लिहून दिला असेल तर आधीच्या पर्यायाने का भागणार नाही, हे विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

शेळीचे आणि म्हशीचे दूध स्वस्त पर्याय म्हणून देऊ नका. प्रथिने जवळपास सारखीच असल्याने बहुतेक मुलांना तेही बाधते. 'लॅक्टोज-फ्री' दुधात साखर तोडलेली असते, प्रथिने तशीच राहतात.

दूध कुठे लपते

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. दूध नाही असा त्याचा अर्थ नाही. वेष्टनावर दुधाचा उल्लेख करणे उत्पादकाला बंधनकारक आहे. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट हे शब्द शोधा. बिस्किटे, पाव, चॉकलेट यांची वेष्टने दर खरेदीला वाचा. पूजेतले पंचामृत आणि प्रसादाचा पेढा नातेवाईक प्रेमाने देतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. साजूक तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो.

कॅल्शियम भरून काढा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असते, पण लहान मूल एवढी नाचणी खात नाही. पूरक औषध लागेल का, ते विचारा.

पुन्हा कधी तपासायचे

साधारण दर सहा ते बारा महिन्यांनी. प्रत्येक भेटीत पुढची तारीख लिहून घ्या. पूर्वीचे सगळे रिपोर्ट, त्रास झाला त्या दिवसाची नोंद आणि पुरळाचा फोटो सोबत न्या.

चाचणीतले आकडे उतरले की रुग्णालयात थोडे थोडे दूध देऊन पाहतात. अर्धा दिवस धरा, शेवटच्या घोटानंतरही काही तास थांबावे लागते. सर्दी-ताप असेल तर तारीख बदला. खाट, सलाइनची सुई, देखरेख यांचे पैसे वेगळे लागू शकतात, म्हणून लेखी अंदाज घ्या. विम्यात हे बसते का, ते आधी लेखी विचारा. ऐपत नसेल तर महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीच्या असतात. आधार, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा कक्षात जा.

पुष्कळ मुलांना दूध पचण्याआधी भट्टीत नीट भाजलेल्या केक-बिस्किटातले दूध चालते. पण नुसते उकळलेले दूध, खीर किंवा खवा म्हणजे तसे भाजणे नव्हे. ज्या मुलाला धाप लागली होती किंवा जे निपचित पडले होते, त्याला घरी चमचाभरही देऊन पाहू नका. अशा मुलासाठी तीव्र ॲलर्जीवरचे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन घरी ठेवायचे का, मात्रा किती आणि टोचायचे कसे, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. साधी ॲम्प्यूल स्वस्त मिळते. धाप लागली तर १०८ ला फोन करा.

डब्यावर, पॅकेजवर पैसे वाचवा. रुग्णालयातल्या त्या अर्ध्या दिवसावर वाचवू नका.