विकासकामांतील अडचणी : कारणांचा अग्रक्रम कसा ठरवावा?

विकासाची योजना राबविताना अडचणी येतातच. काम रेंगाळले की आढावा बैठकीत कारणांची लांबलचक यादी सादर होते आणि प्रत्येक कारणावर थोडाथोडा उपाय सुचविला जातो. त्यामुळे मनुष्यबळ व निधी विखुरतो. मूळ अडचण मात्र कायम राहते. सर्व कारणे सारख्या वजनाची नसतात. त्यांचा क्रम लावणे ही नियोजनातील अगत्याची पायरी होय.

थोडी कारणे, मोठा परिणाम

संपत्तीचा मोठा हिस्सा थोड्या लोकांच्या हाती एकवटतो, असे इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो परेतो (१८४८-१९२३) यांनी आकडेवारीने दाखविले. पुढे गुणवत्ता नियंत्रणाचे तज्ज्ञ जोसेफ ज्युरान यांनी हा विचार उत्पादनातील दोषांना लावला. बहुतेक नुकसान मोजक्या कारणांतून उद्भवते, हे त्याचे सार. ८० टक्के परिणाम २० टक्के कारणांमुळे, असे ते सांगितले जाते. पण हे प्रमाण अटळ नियम नसून केवळ दिशादर्शक आहे.

कडवंचीचा धडा

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा अवर्षणाशी परिचित आहे. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम सुरू झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र यांचे त्यास मार्गदर्शन लाभले.

अशा गावात विहिरी आटणे, पीक हाती न लागणे, चाऱ्याची टंचाई आणि रोजगारासाठी स्थलांतर या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात. परंतु त्यांची साखळी मागे नेली असता बहुतेक कड्या एकाच जागी येऊन मिळतात : पावसाचे पाणी माथ्यावरून वेगाने वाहून जाते आणि सोबत माती नेते. म्हणूनच पाणलोटाचे काम 'माथा ते पायथा' या क्रमाने करावयाचे असते. वरच्या भागात समतल चर, शेतात बांधबंदिस्ती, त्यानंतर नाल्यावरील बांध. माथा उघडा ठेवून आधी नाला अडविल्यास बांध गाळाने भरतो व खर्च वाया जातो.

पुढे कडवंचीत शेततळी व द्राक्षबागा वाढल्या. २०१२ च्या तीव्र दुष्काळातही तेथील शेतीने तग धरला.

नोंदी मोजाव्यात की दिवस?

अग्रक्रम ठरविताना केवळ तक्रारींची संख्या पाहणे फसवे ठरते. पुढील उदाहरण काल्पनिक आहे. एका कामाच्या विलंबाच्या ३६ नोंदी झाल्या व एकूण १५० दिवस वाया गेले :

मजुरांची अनुपस्थिती : १४ नोंदी, १५ दिवस
साहित्याचा तुटवडा : ७ नोंदी, १० दिवस
यंत्राचा बिघाड : ६ नोंदी, ५ दिवस
जमीनधारकांची संमती : ५ नोंदी, ७५ दिवस
तांत्रिक मंजुरी : ४ नोंदी, ४५ दिवस

नोंदींच्या संख्येने मजुरांचा प्रश्न पहिला येतो. पण शेवटच्या दोन कारणांनी १५० पैकी १२० दिवस, म्हणजे ८० टक्के वेळ घेतला आहे. ज्याची ओरड अधिक, तेच कारण मोठे असे नव्हे.

इंडो-जर्मन कार्यक्रमात शिवारात प्रत्यक्ष जाऊन, शेतकरी कुटुंबाशी चर्चा करून गटवार आराखडा तयार केला जाई. संमतीचा प्रश्न काम अडल्यावर नव्हे, तर आरंभीच सोडविण्याची ही रीत होती.

ग्रामपंचायतीने काय करावे?

प्रत्येक विलंबाची तारीख, कारण व वाया गेलेले दिवस एका वहीत नोंदवावेत. महिनाअखेर दिवसांच्या उतरत्या क्रमाने यादी लावावी. वरच्या दोन-तीन कारणांबाबत 'हे का घडले?' असे पुनःपुन्हा विचारावे. एक कारण दुसऱ्याचे फळ असेल तर मुळाकडे वळावे. नंतर प्रत्येक कारणासाठी जबाबदार व्यक्ती व मुदत निश्चित करावी. शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना या नोंदींचे स्तंभालेख काढण्यास दिल्यास गणिताचा अभ्यास व गावाची माहिती या दोन्ही गोष्टी साधतात.

दोन दक्षता आवश्यक आहेत. जीवितास धोका असणारे कारण क्वचित उद्भवणारे असले, तरी ते यादीच्या शिरोभागीच असावे. तसेच हा क्रम कायमचा नसतो. पाणी अडविल्यानंतर त्याचा उपसा हा नवा प्रश्न होतो. भूजल उपसून शेततळी भरली जाऊ लागली, तर साठवणुकीचे साधनच टंचाईचे कारण ठरू शकते. म्हणून ही यादी दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवून नव्याने लावावी. निधी मर्यादित असताना तो प्रथम कोठे खर्च करावा, याचे उत्तर याच वहीतून मिळेल.