प्रवासानंतर मोटारसायकलचे तापलेले इंजिन : घ्यावयाची काळजी

मोटारसायकल आता शेतकऱ्याच्या घरातील एक औजारच बनली आहे. डेअरीवर दूध घालणे, खत-बियाणे आणणे, मळ्यात डबा पोचविणे, वैरणीचा भारा आणणे अशी अनेक कामे तिच्यावर होतात. गाडी चालविताना आपण काळजी घेतो. परंतु गाडी थांबविल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. कडब्याच्या गंजीला आग लागण्याचा आणि लहान मुलांना सायलेन्सरचा चटका बसण्याचा धोका याच वेळात असतो.

इंजिन गरम का राहते?

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश उष्णतेचेच शक्तीत रूपांतर होते. उरलेली उष्णता धुरावाटे सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरभोवतीच्या पात्यांवाटे हवेत जाते. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते. गाडी उभी राहिली की हा वारा थांबतो, उष्णता मात्र आतच राहते व हळूहळू आजूबाजूच्या भागांत पसरते. इंजिनाजवळची सायलेन्सरची नळी चालू गाडीत ३०० अंश सेल्सिअसपेक्षाही अधिक तापू शकते. दि. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते. तो भाग विशेष गरम होतो.

थांबण्यापूर्वी

चढ चढून किंवा ओझे घेऊन आल्यावर शेवटचा अर्धा किलोमीटर गाडी बेताच्या वेगाने चालवावी. त्यामुळे वारा लागून इंजिन बरेचसे निवते. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले म्हणजे ते थंड होते, हा समज हवेने थंड होणाऱ्या इंजिनाबाबत चुकीचा आहे. उलट ते अधिक तापते व पेट्रोल वाया जाते. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करावे. वाटेत ताकद कमी झाली, टकटक आवाज आला किंवा तेल जळल्याचा वास आला, तर सावलीत थांबून इंजिन गार होऊ द्यावे.

गाडी कोठे उभी करावी?

१) गंजी, खळे, भुसकट, उसाचे पाचट, तुराट्या व पऱ्हाट्या यांच्याजवळ गाडी उभी करू नये. मळणीच्या दिवसांत गाडीसाठी खळ्यापासून दूर मोकळी जागा ठरवून ठेवावी.

२) वाळलेल्या गवताच्या बांधावर गाडी लावू नये. उंच गवत थेट गरम नळीला टेकते. आधी नुसता धूर होतो आणि माणूस कामाला लागल्यावर जाळ होतो.

३) वैरण आणल्यानंतर नळी व तिचे झाकण यांमध्ये अडकलेल्या काड्या गाडी गार झाल्यावर काढाव्यात.

४) मऊ जमिनीत बाजूचा स्टँड रुततो. गाडी पडून पेट्रोल सांडू नये म्हणून स्टँडखाली चपटा दगड ठेवावा. जुन्या गाड्यांचा पेट्रोल कॉक बंद करावा.

इंजिन गार होईपर्यंत काय टाळावे?

पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेऊ शकते. म्हणून गरम इंजिनाजवळ फवारणी पंपात किंवा बाटलीत पेट्रोल ओतू नये. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाची टाकीही त्याचे इंजिन गार झाल्यावरच भरावी.

तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. धातू एकदम आकसल्याने त्याला तडा जाण्याचा किंवा तो वाकण्याचा धोका असतो. गाडी गार झाल्यावरच धुवावी व त्यानंतरच कव्हर घालावे. दुधाची किटली सायलेन्सरच्या बाजूला चिकटून राहणार नाही असे पाहावे, कारण दूध गरम होऊन लवकर नासते.

चटका बसल्यास

सुमारे ७० अंश सेल्सिअस तापलेल्या धातूला क्षणभर हात लागला तरी त्वचा भाजते. सायलेन्सर याहून बराच गरम असतो आणि तो नेमका लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर येतो. म्हणून सायलेन्सरची बाजू भिंतीकडे ठेवावी व मुलांना त्या बाजूने उतरू देऊ नये. भाजल्यास बांगडी, पैंजण लगेच काढून तो भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप किंवा शाई लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्यावे.

नियमित देखभाल

इंजिनाच्या पात्यांमध्ये चिखल साचल्यास उष्णता बाहेर पडत नाही. भात लावणी व ऊसतोडणीच्या हंगामात पाती आठवड्यातून एकदा साफ करावीत. इंजिन ऑईल उष्णता वाहून नेण्याचेही काम करते. त्याची पातळी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी तपासावी. ऑईल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे व वेळेवर बदलावे.

शेतकरी बंधूंनो, किल्ली काढली म्हणजे गाडीची उष्णता गेली असे नाही. वर्षभराची वैरण आणि घरातील लेकरे यांच्यापासून तापलेली गाडी अर्धा तास दूर ठेवावी. या सवयीला एक पैसाही खर्च येत नाही.