डोंगल बदलण्याआधी केबल लावा

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ वर होम असिस्टंट बसवले आहे. झिगबीचा यूएसबी डोंगल थेट त्यालाच लावलाय. पण शेजारच्या खोलीतले सेन्सरसुद्धा सारखे गायब होतात. नवा डोंगल घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. पायवरचे निळे पोर्ट यूएसबी ३.० चे असतात. तिथे एसएसडी जोडलेली असेल, तर डेटा वाहताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो आणि झिगबी चालते ती नेमकी त्याच पट्ट्यात. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवले होते, तरी दोष अजूनही बिचाऱ्या डोंगललाच मिळतो. डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टात लावा, आणि तोही मीटरभर लांब एक्स्टेन्शन केबलने. एसएसडी व राउटरपासून दूर. माझ्या मते हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे.

वाय-फाय १ क्रमांकाच्या चॅनेलवर असेल, तर झिगबीला २५ द्या. मात्र नंतर चॅनेल बदलले की काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात.

बॅटरीवरचे सेन्सर दुसऱ्याचा संदेश पुढे नेत नाहीत. त्यासाठी मधल्या खोलीत झिगबीचा स्मार्ट प्लग लावा आणि भिंतीवरचे त्याचे बटण कधीही बंद करू नका.