केसपेपर रुग्णासमोर वाचला जावा

आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे. बँक खातेदाराच्या हाती पासबुक का देते, हे आम्हांस विद्यार्थिदशेतच उमगले होते: चुकीची नोंद सर्वांआधी खातेदारालाच खटकते. रुग्णालयात मात्र केसपेपर वर्षानुवर्षे कपाटात राहिला, आणि संगणक आल्यावर तो परिचारिकेच्या टेबलावरील पडद्यामागे गेला.

पावसाळ्यात एक वृद्ध गृहस्थ तापाने दाखल झाले. नोंदीत ‘औषधाची अ‍ॅलर्जी: नाही’ असे होते. सायंकाळी परिचारिका ती नोंद मराठीतून वाचून दाखवीत असता सूनबाई म्हणाल्या, “बाबांना पेनिसिलीन चालत नाही. मागे त्या सुईनंतर अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता. कागद २००५ च्या पुरात गेले.” रात्री द्यावयाचे इंजेक्शन त्याच गटातील होते. डॉक्टरांनी ते तत्काळ बदलले.

चौकशीअंती दोष आमचाच निघाला. तो रकाना रिकामा सोडून पुढे जाता येत नसे. त्यामुळे नोंदणीच्या घाईत, न विचारताच ‘नाही’वर खूण होई. आता तेथे ‘अद्याप विचारलेले नाही’ असा तिसरा पर्याय आहे. खर्च काहीच आला नाही, हे देणगीदारांस आवर्जून सांगावेसे वाटते.

केसपेपरची प्रत रुग्णास नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केले. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत ती द्यावयाची असते. तथापि प्रत बहुधा उपचार संपल्यावर, विम्यासाठी मागितली जाते. तोवर चूक होऊन गेलेली असते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, डॉक्टरांची टिपणे वाचलेल्या सुमारे २३ हजार रुग्णांपैकी दर पाचांतील एकास त्यांत चूक आढळली होती. त्यांतील सुमारे ४२ टक्के रुग्णांना ती गंभीर वाटली.

कुटुंबाचा सहभाग म्हणजे रुग्णाच्या गुप्ततेचा भंग नव्हे. नोंद कोणासमोर वाचावी, हे आम्ही रुग्णास एकांतात विचारतो. एखाद्या स्त्रीने ‘घरच्यांसमोर नको’ म्हटल्यास तेच अंतिम.

२०२१ पासून देशभर राबविल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा क्रमांकाला नोंदी जोडता येतात व रुग्णाच्या संमतीने त्या दुसऱ्या रुग्णालयास पाहता येतात. कागदांची पिशवी छातीशी धरून लोकलने मुंबई गाठणाऱ्यांस हा मोठाच दिलासा आहे. परंतु चुकीची नोंदही तितक्याच सहजतेने तेथवर पोहोचेल. म्हणून ती येथेच तपासली जाणे अगत्याचे.

सायंकाळच्या वाचनास परिचारिकांचा वेळ जातो, ही त्यांची तक्रार रास्त आहे. उल्हासनगरहून येणाऱ्या सिंधी ज्येष्ठांस त्यांच्या भाषेत वाचून दाखविणारे तर आमच्याकडे अद्याप कोणीच नाही. तूर्त त्यांच्या नातवंडांवरच भिस्त आहे.